टीबो चांगला होता की नाही?

अमेरिकी फुटबॉलच्या चाहत्यांमध्ये दोन तट पाडायचे असतील तर टीम टीबो एवढं नाव पुरतं. २०१२ नंतर हा गडी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या एकाही अधिकृत सामन्यात उतरलेला नाही, पण त्याच्यावरून होणारं भांडण मिटायचं नाव घेत नाही. एका तटाच्या मते तो जिंकणारा खेळाडू होता आणि व्यावसायिक फुटबॉलने त्याचा गळा घोटला. दुसऱ्या तटाच्या मते त्याला चेंडूच फेकता येत नव्हता.

कॉलेजपुरतं बोलायचं तर वादच नाही. फ्लोरिडा विद्यापीठाच्या गेटर्सकडून तो २००६ ते २००९ खेळला. त्या काळात संघ दोनदा राष्ट्रीय विजेता झाला. पहिल्यांदा तो राखीव क्वार्टरबॅक होता, दुसऱ्यांदा सगळी भिस्त त्याच्यावर होती. २००७ मध्ये त्याने ३२ टचडाउन पास फेकले आणि स्वतः चेंडू घेऊन २३ टचडाउन केले. कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूला दिली जाणारी हाइझमन ट्रॉफी मिळाली तेव्हा तो दुसऱ्या वर्षाला होता; त्याआधी दुसऱ्या वर्षातल्या कुणालाही ती मिळाली नव्हती. २००८ मध्ये ओल मिस विद्यापीठाने फ्लोरिडाला घरच्या मैदानावर एका गुणाने हरवल्यावर त्याने डबडबलेल्या डोळ्यांनी माफी मागितली, यापुढे माझ्याइतकी मेहनत करणारा खेळाडू तुम्हाला देशात दिसणार नाही असा शब्द दिला, आणि उरलेला एकही सामना न हरता विजेतेपद आणलं. ते भाषण गेन्सव्हिलमधल्या विद्यापीठाच्या स्टेडियमवर धातूच्या पाटीवर कोरलेलं आहे. एकवीस वर्षांच्या पोराचं बोलणं धातूत कोरणं मला अतीच वाटतं, पण फ्लोरिडावाल्यांना हे सांगायला जाऊ नये.

मग घोडं अडलं कुठे? डाव्या हातात. चेंडू फेकण्याआधी तो हात पार कमरेपर्यंत खाली न्यायचा आणि मोठा वळसा घालून वर आणायचा. क्वार्टरबॅकला दोन-तीन सेकंदांत ठरवायचं असतं की चेंडू कुणाकडे फेकायचा, कुणाच्या हाती द्यायचा, की आपणच घेऊन पळायचं. कॉलेजात समोरचा बचाव एवढा वेळ देतो. एनएफएलमध्ये तेवढ्यात बचावपटू मध्ये येऊन चेंडू घेऊन जातो. शिवाय धडका मारत घुसायची त्याची हातोटी जिथे सगळेच आडदांड तिथे किती चालणार? जाणकारांनी तेव्हाच सुचवलं होतं की याने जागा बदलावी. तो बधला नाही. २०१० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, डेन्व्हर ब्रॉन्कोजने त्याला पहिल्याच फेरीत, पंचविसाव्या क्रमांकावर घेतलं.

२०११ चा हंगाम मात्र कुणी कादंबरीत लिहिला तर संपादक परत पाठवेल. एक विजय, चार पराभव अशा अवस्थेत संघ त्याच्या हाती आला. मायामीविरुद्ध शेवटची तीन मिनिटं उरली तरी ०-१५ असे मागे, आणि तरी जिंकले. कॅन्सस सिटीविरुद्ध त्याने आख्ख्या सामन्यात आठ पास फेकले, दोन पूर्ण झाले, संघ १७-१० ने जिंकला! शिकागो बेअर्स दोन मिनिटं उरलेली असताना १०-७ ने पुढे होते. चेंडू हाती असलेल्या त्यांच्या मॅरियन बार्बरने मैदानातच आडवं व्हायचं, एवढंच काम होतं. घड्याळ पळत राहिलं असतं. तो धावत रेषेबाहेर गेला आणि घड्याळ थांबलं. मग डेन्व्हरच्या किकर मॅट प्रेटरने ५९ यार्डांवरून बरोबरी साधली. डेन्व्हरच्या विरळ हवेत चेंडू लांब जातो हे मान्य, तरी ५९ यार्ड म्हणजे चेष्टा नव्हे. जादा वेळेत त्याच बार्बरच्या हातून चेंडू निसटला आणि प्रेटरने ५१ यार्डांवरून सामना संपवला. मथळे टीबोचे झाले. प्रेटरच्या पायाचं कौतुक कुणी केलं?

प्लेऑफमध्ये पिट्सबर्गसमोर मात्र मानलं टीबोला. तो त्या हंगामातला सर्वांत कडवा बचाव, आणि याने ३१६ यार्ड मिळवले. जादा वेळेच्या पहिल्याच चालीत डिमेरियस थॉमसला दिलेला चेंडू ८० यार्ड गेला आणि सामना खलास. पुढच्याच आठवड्यात न्यू इंग्लंडने ४५-१० असा धुव्वा उडवला. त्या हंगामात त्याच्या शंभरातले ४७ पासही पूर्ण झाले नव्हते. साठच्या खाली गेलं की प्रशिक्षकांच्या कपाळाला आठ्या पडतात. ब्रॉन्कोजचे सूत्रधार जॉन एल्वे स्वतः नामांकित क्वार्टरबॅक. त्यांनी पेटन मॅनिंगला आणलं आणि टीबोला न्यूयॉर्क जेट्सकडे धाडलं. मॅनिंगने चार वर्षांत सुपर बोल जिंकून दिला.

त्याला संधीच मिळाली नाही ही तक्रार मला पटत नाही. जेट्सनंतर न्यू इंग्लंड आणि फिलाडेल्फियाने त्याला सराव शिबिरात घेऊन पाहिलं. २०२१ मध्ये, इतकी वर्षं एकही अधिकृत सामना न खेळता, कॉलेजातलेच प्रशिक्षक अर्बन मायर यांनी जॅक्सनव्हिलमध्ये त्याला टाइट एंड म्हणून घेतलं. ती जागा तो कॉलेजात किंवा एनएफएलमध्ये कधी खेळला नव्हता. एका सराव सामन्यानंतर नारळ मिळाला. त्याच वेळी संघाला सुपर बोलपर्यंत नेलेला कॉलिन कॅपरनिक चार वर्षं घरी बसून होता. टीबो प्रार्थनेसाठी गुडघा टेकायचा तर देशभर पोरं त्याची नक्कल करायची. कॅपरनिकने वर्णद्वेषाच्या निषेधात राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला आणि त्याचा फोन वाजायचा थांबला. अन्यायाची यादी करायचीच असेल तर टीबोचं नाव बरंच खाली येईल.

माणूस म्हणून टीबोचा यात काही दोष नाही. २०२३ मध्ये त्याची कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. कँटनमधल्या व्यावसायिकांच्या हॉल ऑफ फेममध्ये तो कधीच जाणार नाही. माझ्या मते दोन्ही गोष्टी बरोबर आहेत.