अर्वो, ब्रेकी आणि आपलं 'अशुद्ध'



आपल्याकडची बरीच मुलं आता शिकायला, नोकरीला ऑस्ट्रेलियात जातात. आयईएलटीएसचा क्लास लावतात, व्याकरण घोटतात. आणि तिथे पोचल्यावर कुणीतरी सहज म्हणतं, "सी यू धिस अर्वो!" अर्वो म्हणजे आफ्टरनून. दुपारी भेटू, एवढंच. पण आपल्या पाठ्यपुस्तकातल्या इंग्रजीत हा शब्द सापडायचा नाही.

तिथल्या लोकांना शब्द आखूड करायची भारी हौस. पद्धतही ठरलेली. शब्दाचा पहिला तुकडा घ्यायचा आणि मागे 'ई' किंवा 'ओ' जोडायचा. ब्रेकफास्टचा ब्रेकी, मॉस्किटोचा मॉझी, बार्बेक्यूचा बार्बी, पोस्टमनचा पोस्टी. सर्व्हिस स्टेशन, म्हणजे आपला पेट्रोल पंप, त्याचं झालं सर्व्हो. आपण सगळे वापरतो तो सेल्फी शब्दही याच घरातला बरं का! त्याची सापडलेली सर्वांत जुनी लेखी नोंद २००२ ची आणि ऑस्ट्रेलियातलीच आहे.

मी हे शब्द चौथीच्या वर्गात फळ्यावर लिहिले आणि अर्थ ओळखायला सांगितले. मॉझी लगेच ओळखला. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, आपण पण सचिनला सच्या म्हणतो की!" अगदी बरोबर. प्रकाशचा पक्या, मनोजचा मन्या. तिकडे बॅरीचा बॅझ, गॅरीचा गॅझ, शॅरनची शॅझ होते. प्रेमही तेच, सलगीही तीच.

काही शब्द मात्र फसवतात. "ब्रिंग अ प्लेट" असं आमंत्रणात असेल तर रिकामं ताट न्यायचं नाही, सगळ्यांनी वाटून खायला एखादा पदार्थ करून न्यायचा. नवीन आलेल्या माणसांची इथे हमखास फजिती होते. थॉन्ग्ज म्हणजे पायातल्या रबरी चपला (इतर देशांत अर्थ वेगळा आहे, तो पालकांनी आपला आपण शोधावा). "शी'ल बी राइट" मधली 'शी' कुणी बाई नाही, 'होईल सगळं नीट' असा त्याचा अर्थ. फेअर डिंकम म्हणजे अस्सल, खरंखुरं.

'हार्ड यॅक्का' म्हणजे काबाडकष्ट. यातला यॅक्का इंग्रजी नाहीच, तो ब्रिस्बेन भागातल्या यगारा या आदिवासी भाषेतून आला. गोऱ्यांनी ज्यांची जमीन घेतली त्यांचाच शब्द आज त्यांच्या तोंडी आहे! जाता जाता: 'कांगारू म्हणजे मला माहीत नाही' ही गोष्ट आपण वर्गात सांगतो ना, ती खोटी आहे. गूगू यिमिथिर भाषेत 'गंगुरू' हे एका जातीच्या कांगारूचंच नाव आहे.

पालक विचारतात, "हे शिकून परीक्षेत काय मिळणार?" काही नाही मिळणार. पेपरात आफ्टरनूनच लिहायचं. आणि हे शब्द पाठ करून घ्या असंही मी म्हणत नाही. पाठ केलेली बोली ऐकायला विचित्रच लागते. पण कुठे काय बोलायचं हे कळणं हा भाषेचाच अभ्यास आहे, आणि आपल्या मुलांना तो घरातूनच येतो. घरी 'काहून' म्हणणारं वऱ्हाडी पोर शाळेत 'का' म्हणतं. ते दोन भाषा सांभाळतंय, आणि आपण त्याच्या 'काहून'वर लाल रेघ मारतो. ऑस्ट्रेलियन माणसाचा अर्वो आपल्याला गोड वाटतो, त्याला आपण हसून दाद देतो. मग आपल्या पोराच्या शब्दाला अशुद्ध का म्हणायचं? मला हे पटत नाही.

आमच्या वर्गात आता आनंददायी शनिवारी वहीचं एक पान दोन भागांत दुमडतो. डावीकडे आजीचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. डावी बाजू नेहमी आधी भरते.