सुतक नाही, सणही नाही

भिलाईच्या सेक्टर 2 मधल्या आम्हा लोकांना रशिया परका नाही. इथला पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला, मैत्रीबाग ही त्याच दोस्तीची खूण. म्हणूनच जानेवारी 2025 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने दिलेले आकडे मनात रुतून बसले. रशियन सैन्यात गेलेल्या 126 भारतीयांपैकी 12 ठार, 16 बेपत्ता. पहिल्या 12 घरांत जाऊन काय बोलायचं, हे आपल्याला रीतीनेच शिकवलेलं असतं. उरलेल्या 16 घरांत काय बोलायचं?

या घरांना सुतक नसतं, म्हणून भेटायला जायची रीत नाही. सणासमारंभाला बोलावणं बरं दिसत नाही, म्हणून आमंत्रणही जात नाही. आईबाप नेमके याच काळात एकटे पडतात.

1971 च्या पाकिस्तानशी झालेल्या युद्धानंतर आपल्याकडे बेपत्ता सैनिकांच्या 54 घरांच्या वाट्याला हे आलं. त्यातलं एक मराठी. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे 5 डिसेंबरच्या मोहिमेवरून परतले नाहीत. पत्नी दमयंती, अर्जुन पुरस्कार मिळवलेल्या बॅडमिंटनपटू, अनेक दशकं त्यांचा शोध घेत राहिल्या. मेजर अशोक सुरी यांची तर लष्कराच्या कागदोपत्री ‘युद्धात ठार’ अशी नोंद झाली होती. मग वडिलांना कराचीहून चिठ्ठी आली, मुलाच्या हातची. अक्षराची खात्री पटल्यावर सरकारने नोंद बदलली: ‘बेपत्ता’. ज्यांनी त्या बापाला तोवर ‘आता मन घट्ट करा’ असं सांगितलं असेल, ते चुकलेच होते. पण ‘येईलच तो’ म्हणणाऱ्यांचंही खरं झालं नाही. 2007 मध्ये नातेवाइकांनी पाकिस्तानातले तुरुंग पाहिले, तरी कोणी सापडलं नाही.

मुलगा आहे की गेला, हा निकाल देण्याचा अधिकार शेजाऱ्यापाजाऱ्यांना नाही. आईने आज त्याच्या वाढदिवसाचा शिरा केला तर तो खावा. उद्या ती रडली, तर ‘असं अभद्र मनात आणू नका’ म्हणून तिला गप्प करू नये. एकाच दिवसात ती दोन्ही करेल आणि त्यात काही वावगं नाही.

करण्यासारखी कामं मात्र भरपूर आहेत. ‘काही कळलं का?’ म्हणून घरी फोन करू नका. दर वेळी ‘नाही’ म्हणायला त्या आईला किती बळ लागतं! फोन मोकळा राहू द्या. शेजारच्या एकाने सगळ्यांना खबर द्यावी. मंत्रालयाकडे, रेड क्रॉसकडे जाणारे अर्ज लिहून द्या, त्यांच्या प्रती नीट लावून ठेवा. कचेरीत बापाबरोबर जा, तिथल्या बाकावर बसा. डबा पोचवा. मुलाचं नाव घ्या, तो शाळेत कसा होता ते विचारा.

आणि महिना झाला, वर्ष झालं, तरी जाणं थांबवू नका. तेराव्यानंतर माणसं पांगतात, ते एक वेळ समजू शकतं. इथे तेरावाच नाही, मग आपण कोणत्या दिवशी मोकळे होणार?