‘बायका येत नाहीत’ या सबबीचं खंडन

कर्करोग तपासणीचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं: ‘सोयी आहेत हो, पण बायकाच येत नाहीत. लाजतात, घाबरतात, अडाणी आहेत.’ पुढे जनजागृतीचे फलक लागतात आणि जबाबदारी संपते. हे वाक्य खोटं आहे, आणि त्याचा पुरावा मराठवाड्यातच आहे.

१९९९ च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा स्मारक रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणीचं काम सुरू केलं. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायका. ज्या गटात या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी होती, तिथल्या ३४,१२६ पैकी २७,१९२ जणी तपासायला आल्या. म्हणजे दहांतल्या जवळपास आठ. शेतमजुरी करणाऱ्या, बहुतेक कधी शाळेत न गेलेल्या बायका! घरी जाऊन नीट समजावलं, गावाजवळ सोय केली, दोष सापडला तर उपचार मिळेल याची खात्री दिली, तेव्हा त्या आल्या. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१ चा आकडा काय सांगतो? देशात ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांत दोघींचीसुद्धा ही तपासणी कधी झालेली नाही. बाई तीच. फरक पडला तो तिच्यापर्यंत पोचणाऱ्या माणसांचा.

बायका बेफिकीर आहेत, असंही म्हणतात. मग २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची जी हकीकत पुढे आली, तिचं काय करायचं? अंगावरून पांढरं जातंय म्हणून त्या दवाखान्यात गेल्या, ‘कॅन्सर होईल’ या भीतीने ऐन तिशीत गर्भपिशवी काढून बसल्या, आणि त्या खर्चासाठी मुकादमाकडून उचल घेतली. त्या वेळी राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. कर्करोगाच्या भीतीपोटी कर्ज काढणाऱ्या बाईला बेफिकीर कसं म्हणायचं? तिला हवी होती ती साधी तपासणी कोणी देऊ केली नाही, म्हणून भीतीचा बाजार भरला.

‘यंत्रं नाहीत, तज्ज्ञ नाहीत’ ही तिसरी सबब. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून दहावी शिकलेल्या बायकांना शिकवून, गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे घरातल्या व्हिनेगरातलं द्रव्य, लावून डोळ्यांनी पाहण्याची पद्धत दर दोन वर्षांनी राबवली. या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. धाराशिवमध्ये हीच पद्धत एकदाच वापरली, तेव्हा मृत्यूंत ठोस घट दिसली नाही; एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मात्र ते जवळपास निम्मे झाले. अर्थ सरळ आहे. स्वस्त पद्धत घ्या, पण ती पुनःपुन्हा आणि काटेकोर करा. नाहीतर चांगली चाचणी आणा. वर्षातून एक शिबिर, फीत, फोटो आणि नंतर चिठ्ठी हातात देऊन ‘घाटी रुग्णालयात दाखवा’ म्हणणं, याला तपासणी म्हणत नाहीत.

धाराशिवच्या अभ्यासावर टीका झाली ती योग्यच होती: तुलनेसाठीच्या गटातल्या बायकांना तपासणी दिली नव्हती, आणि त्यांच्यातल्या ६४ जणी या रोगाने गेल्या. एचपीव्ही गटात हा आकडा ३४ होता. आपल्याच शेजारच्या बायकांचे जीव मोजून २००९ साली हे ज्ञान जगापुढे आलं. त्यांच्याच मराठवाड्यात ते अजून कागदावर राहावं, ही मला लाजेची गोष्ट वाटते.

आता छत्रपती संभाजीनगरची छावणी. आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून उभं आहे. छावणीतून रिक्षाने थोडा वेळ. पण धुणीभांडी करणारीला, भाजी विकणारीला हे अंतर बुडालेल्या रोजाने मोजावं लागतं. शिवाय रुग्णालय आजारी माणसाची वाट पाहतं, तपासणीला तर दुखत-खुपत नसलेलं माणूस शोधावं लागतं. त्यात कारभाराच्या हद्दी: छावणीचा नागरी कारभार वर्षानुवर्षं छावणी परिषदेचा, शहर महापालिकेचं, आसपासची खेडी जिल्हा परिषदेची, रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याचं. पडेगाव-मिटमिट्याहून कामाला येणाऱ्या बाईची यादी कोणी ठेवायची?

छावणीत गुरुवारचा आठवडी बाजार भरतो. खेड्यापाड्यांतल्या बायका तिथे आपल्या पायांनी येतात. बाजाराला लागून एक आडोशाची खोली हवी, तिथे बाई कर्मचारी, दर गुरुवारी न चुकता. दोष दिसला तर शक्यतो त्याच दिवशी उपचार, आणि पुढच्या तारखेला आशाताईंचा घरी फेरा. एचपीव्ही चाचणीचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते, त्यामुळे संकोचाचं कारणही उरत नाही. शेजारी हमाल, रिक्षावाले, गुरांचे व्यापारी यांचं तोंड कर्करोगासाठी तपासायला बॅटरी आणि आरसा पुरे. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी तंबाखू सुटलेली नाही.

तिशीपुढच्या सगळ्यांची मुख, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी करण्याच्या केंद्राच्या सूचना २०१६ पासून लागू आहेत. छावणी परिषद, महापालिका, जिल्हा परिषद आणि कर्करोग रुग्णालय यांनी एकत्र बसून एक यादी, एक खोली आणि एक वार ठरवावा. तोपर्यंत ‘बायका येत नाहीत’ असं म्हणण्याचा अधिकार यांतल्या कोणालाही नाही.