दुधाचा पगार

दसरा झाला की वाशी तालुक्यात पहाटे चारलाच भट्ट्या पेटतात. दिवाळीच्या खव्याची मागणी आलेली असते. लाकडाचा धूर आणि आटणाऱ्या दुधाचा वास गल्लीत उतरतो आणि मला मामांची भट्टी आठवते. धंदा कसा करावा यावरची पुस्तकं मी पुढे पुष्कळ वाचली. पण गिऱ्हाईक म्हणजे कोण, हे मला त्या भट्टीवर कळलं.

बालाघाटाच्या या माळावर पावसाचा भरवसा नाही. शेतीला म्हशीची जोड नसेल तर घर चालत नाही. शहर लांब, दूध नासणारं. म्हणून ते आटवून पाठवायची रीत भूम, वाशी, कळंब या भागात रुजली आणि याच भागातल्या कुंथलगिरीच्या नावाने इथला खवा-पेढा ओळखला जाऊ लागला. सोलापूर-धुळे रस्त्याने जाणारे सरमकुंडी फाट्यावर गाडी थांबवतात ते याच पेढ्यासाठी.

या धंद्याचं गणित साधं आहे आणि कठोरही. म्हशीच्या पाच लिटर दुधाचा साधारण किलोभर खवा पडतो. म्हणजे दूध लिटरमागे एक रुपयाने वाढलं की खवा किलोमागे पाच रुपयांनी महागतो. लाकूड आणि मजुरी वेगळीच. खवा दोन-चार दिवसांत आंबट होतो, त्यामुळे भाव पाडून मागणाऱ्या व्यापाऱ्याला थांब म्हणता येत नाही. वरून दाबलेला भट्टीवाला मग खाली दाबतो. फॅट कमी दाखवायची, माप मारायचं, दुधाचा पगार, म्हणजे घातलेल्या दुधाचे पैसे, लांबवायचा. काहींचा हात त्याच्याही पुढे जातो आणि कढईत मैदा पडतो. आयोडीनचे दोन थेंब टाकले की तो निळा होऊन सापडतो, पण तोवर सगळ्या तालुक्याच्या नावाला डाग लागलेला असतो.

मामांच्या भट्टीवर सुट्टीत दुधाची वही मी लिहायचो. एका दिवाळीला, वसुबारसेच्या आदल्या पहाटे, एक मोठी कढई लागली. ढवळणाऱ्याचा डोळा लागला होता. खवा दिसायला बरा होता, वास मात्र करपट. पुण्याच्या एका हलवायाचा माल होता तो. भट्टीवरचे सगळे म्हणाले, बर्फीत वेलदोडा पडला की कोणाला कळतंय? मामांनी चिमूटभर तोंडात टाकला आणि म्हणाले, "म्या हे धाडत नाही. फोन लावा त्यास्नी."

हलवाई चिडला. दिवाळी तोंडावर असताना कोणीही चिडेल. त्याने दुसरीकडून माल उचलला आणि पुढे कधी मामांकडे आला नाही. खरेपणाचं बक्षीस मिळतंच असं नाही, हे मी तेव्हाच पाहिलं. ज्याचा डोळा लागला होता त्याला मामांनी कामावरून काढलं नाही. रात्रभर दोन कढया एकाच माणसाकडे दिल्या ही चूक आपली, असं ते सगळ्यांसमोर बोलले. दुसऱ्या दिवसापासून एका कढईला एक माणूस झाला. कामाची जबाबदारी माणसावर टाकण्याआधी ती त्याला पेलेल अशी सोय करायची असते, इतकं नेतृत्व मला त्या एका वाक्यातून समजलं.

परिणाम दिसला तो भलत्याच बाजूला. जो माणूस करपलेली कढई फोन करून सांगतो तो आपलं माप मारणार नाही, असं दूध घालणाऱ्यांमध्ये बोललं जाऊ लागलं. पुढे जास्त भाव देणारी दुधाची गाडी गावात यायला लागली तेव्हा काही जण तिकडे गेले, बरेच राहिले. 2015-16च्या दुष्काळात जनावरं चारा छावणीत बांधलेली होती आणि कढया निम्म्याने बंद पडल्या. तेव्हा मामांनी सरकी पेंड उधारीवर दिली. त्यातली थोडी बुडालीही. पण पाऊस पडल्यावर दूध पहिल्यांदा कोणाच्या दारात आलं, ते वहीत आहे.

दूध घालणाऱ्याचा हाच विश्वास मोठ्या प्रमाणावरही दिसतो. 1946मध्ये त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने गुजरातेत आणंदला खेडा जिल्ह्याचा दूधसंघ उभा राहिला आणि पुढे कुरियन यांनी तो अमूल म्हणून वाढवला. गावच्या संस्थेत सकाळच्या दुधाचे पैसे संध्याकाळी हातात, ही तिथली शिस्त होती. अमूलची जाहिरात सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या मते तो संघ त्या रोजच्या पैशांवर उभा राहिला.

गिऱ्हाईक ओळखण्याबद्दल आपल्या जिल्ह्यातलंही एक नाव सांगतो. हिंगळजवाडीच्या कमलताई कुंभार. हातात भांडवल नसताना त्यांनी बांगड्या विकायला सुरुवात केली. पुढे कोंबडीपालनात आल्या आणि शेकडो बायकांना धंद्याला लावलं. 8 मार्च 2022ला त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला. बांगड्या भरणारी बाई गिऱ्हाइकाचा हात हातात घेते. कोणत्या घरात लग्न आहे, कोणाचं बाळंतपण, कुठे पैशांची ओढ, हे तिला कळतं. ही ओळख कोणत्याही भांडवलापेक्षा मोठी, असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडे मोठा पेढेवाला कोण हे फाट्यावरच्या पाटीवरून ठरवतात. मी ते दूध घालायला आलेल्या बाईच्या चेहऱ्यावरून ठरवतो. किटली ठेवून ती मापाकडे न बघता शेजारणीशी बोलत असेल, तर तो धंदा टिकणार. ती माप उचलेपर्यंत नजर हलवत नसेल, तर तिथे पाटी कितीही मोठी असो, काहीतरी बिघडलंय.

या वर्षीची दिवाळी जवळ आली आहे. व्यापाऱ्याचे पैसे नेहमीसारखे उशिरा येतील, मला माहीत आहे. तरी माझ्या भागातल्या भट्टीवाल्यांना हात जोडून सांगणं आहे: दुधाचा पगार वसुबारसेच्या आधी करा. त्या दिवशी गाय-वासराला ओवाळणाऱ्या बाईच्या हातात तिचे पैसे असू द्या.