मांजरेकाठच्या पोरीनं समुद्राचं शिक्षण का घेऊ नये?



वार्षिक सभेत शेवटच्या विषयाला काय झालं, ते आलेल्या सगळ्यांनी पाहिलंय. जे आले नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

आपल्याच एका सभासदाची मुलगी मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातून बी. एफ. एस्सी. झाली. आता तिला एम. एफ. एस्सी.ला जागा मिळाली आहे. विषय आहे मत्स्यसंपदा व्यवस्थापन, म्हणजे बरंचसं काम बंदरावर आणि समुद्रातल्या माशांवर. वसतिगृहाची अनामत आणि पहिल्या सत्राचा खर्च म्हणून तिच्या वडिलांनी सोसायटीकडे वीस हजारांची उचल मागितली. तेवढ्यात मागून आवाज आला, "आपल्याकडं समिंदर कुठं हाय? मांजरेत देवमासा सोडायचाय का?" सगळी सभा हसली. वडील "बरं, राहू द्या" म्हणून खाली बसले. विषय महिनाअखेरच्या बैठकीवर गेला.

खरं सांगायचं तर आम्हीपण हसलो. घरी गेल्यावर मात्र चैन पडेना. म्हणून आमचं मत इथं मांडतोय. पटलं तर बघा.

पहिली गोष्ट. मंगळूरचं मत्स्य महाविद्यालय १९६९ मध्ये सुरू झालं. देशातलं ते पहिलं मत्स्य महाविद्यालय. आज ते ज्या विद्यापीठाखाली आहे, त्याचं नाव कर्नाटक पशुवैद्यकीय, पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, आणि त्याचं मुख्यालय आहे बिदरला, नंदीनगरात. म्हणजे मंगळूरच्या किनाऱ्यावर शिकून जो कोणी पदवी घेतो, त्याच्या पदवीवर आपल्या बिदरच्या विद्यापीठाचं नाव असतं. आपण त्या फाटकासमोरून बाजाराला जातो, एसटीत बसून पुढं जातो. म्हशीचा डॉक्टर तिथं तयार होतो एवढंच आपल्याला माहीत. माशाचं शिक्षणही त्याच छपराखाली येतं, हे आपल्यापैकी किती जणांनी पोरांना सांगितलं?

दुसरी गोष्ट. "समुद्राचं आपल्याला काय काम?" या प्रश्नाचं उत्तर आपल्याच धंद्यात आहे.

गोड्या पाण्यातला मोठा झिंगा घ्या. शेजारच्या तेलंगणात धरणांत त्याचं बी सोडतात. भाव चांगला मिळतो म्हणून आपल्याकडंही अधूनमधून विषय निघतो. हा झिंगा वाढतो गोड्या पाण्यात, पण त्याची पिल्लं मचूळ पाण्याशिवाय जगत नाहीत. नदीतली मादी अंडी घेऊन खाडीकडं उतरते, पिल्लं खाऱ्या-गोड्या पाण्यात मोठी होतात आणि मग वर येतात. मध्ये धरण आलं की ती वाट बंद. म्हणून कारंजा धरणात झिंगा सोडला तर तो वाढेल, विकला जाईल, पण तिथं त्याची वीण होणार नाही. बी दरवेळी विकत आणावं लागेल. ते बी तयार करणाऱ्या केंद्रात समुद्राचं पाणी लागतं आणि ते पाणी राखायला समुद्राचं पाणी समजणारा माणूस लागतो.

तसं पाहिलं तर आपलं पाणीसुद्धा शेवटी समुद्रालाच जातं. कारंजा मांजरेला मिळते, मांजरा निजामाबादकडं कंदकुर्तीला गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. गुलबर्ग्याकडची भीमा कृष्णेतून तिकडंच जाते. येणारा पाऊसही समुद्रावरूनच येतो. २०१५ साली प्रशांत महासागराचं पाणी तापलं, त्याला एल निनो म्हणतात. त्या वर्षी आपल्याकडं पाऊस रुसला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. वर लातुरात मांजरा कोरडी, तर खाली आपल्याकडं काय असणार? जाळी खुंटीला टांगून किती घरं हैदराबादला मजुरीला गेली, ते विसरलात का? समुद्र कुठं आहे म्हणता, तो त्या वर्षी आपल्या चुलीपर्यंत आला होता.

तिसरी गोष्ट, आणि आमच्या मते सगळ्यात मोठी. ही मुलगी जो विषय घेतेय त्यात मासे मोजायला शिकवतात. ऐकायला सोपं वाटतं. पण पाण्याखालचा मासा मोजायचा कसा? समुद्रात कोण उतरून मोजणार?

त्याची रीत अशी. बंदरावर बोटी लागल्या की माणूस पट्टी आणि वही घेऊन उभा राहतो. कुठल्या जातीचा मासा, किती लांब, किती वजनाचा, पोटात गाबोळी आहे का, कुठल्या जाळ्यात आला, किती तास जाळं टाकलं होतं, सगळं लिहितो. महिनोन् महिने, वर्षानुवर्षे. जाळं तेवढंच, वेळही तेवढाच, पण मासा दरवर्षी आखूड यायला लागला, तर समजायचं की वाढायच्या आतच पकडला जातोय. कोचीचं केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थान १९४७ पासून समुद्री माशांचा अभ्यास करतंय. मंगळूरला त्याचं केंद्र आहे. अशाच नोंदींवरून कुठला मासा किती लांबीच्या आत पकडू नये हे ठरतं. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये ५४ जातींच्या समुद्री माशांना अशी किमान लांबी लावली.

आता आपल्या धरणाचं बोलू. गेल्या पाच वर्षांत आपण कटला किती काढला? एक-एक मासा सरासरी किती भरला? दोन किलोचा मासा कमी झाला की पाण्याची पातळी कमी झाली? बारीक आसाच्या जाळ्यानं नुकसान झालं की चिलापीनं जागा खाल्ली? सभेत यावर दरवर्षी भांडणं होतात. प्रत्येकाचं आपलं आपलं मत असतं. आकडा मात्र कुणाकडंच नसतो, कारण आपण विकलेल्या मालाचे पैसे लिहितो, माशाची लांबी लिहीत नाही. ठेक्याची बोली लावतानाही अंदाजानंच लावतो. अंदाज चुकला की वर्षभर कर्ज.

समुद्रात शिकलेली मोजायची रीत धरणात चालते. उलट धरण बंदिस्त आहे, तिथं काम सोपंच म्हणायचं.

"आजोबांनी वही ठेवली नव्हती, तरी मासे मिळायचे," असंही एक जण म्हणाले. खरं आहे. आजोबांना वारा कळायचा, पाण्याचा रंग कळायचा, मरळ कुठल्या काठाला बसते ते कळायचं. ते ज्ञान कुठल्याच कॉलेजात नाही आणि ते आपण जपलंच पाहिजे. पण आजोबांच्या वेळी रोहू-कटल्याचं बी नदीतून गोळा करावं लागायचं, त्यात नको ते मासेही यायचे. १० जुलै १९५७ ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची वीण करून दाखवली. त्या दिवसाची आठवण म्हणून आपण दरवर्षी १० जुलैला मत्स्य शेतकरी दिन साजरा करतो, हार घालतो. आज पिशवीत भरून जे बी येतं, ते त्या कामामुळं येतं. म्हणजे शिकलेल्या माणसाच्या कामावर आपलं घर आधीच चालतंय. फक्त तो शिकलेला माणूस आपल्या घरचा नव्हता.

आता नोकरीचं. इथं खोटं बोलायचं नाही. पदवी घेतली की नोकरी दारात, असं नाही. मत्स्य खात्यातल्या जागा रोज निघत नाहीत. शास्त्रज्ञ व्हायचं तर पुढं देशभराची परीक्षा आहे. खासगीत बीज केंद्रं, खाद्याचे कारखाने, प्रक्रिया उद्योग आहेत, पण तिथं सुरुवातीला पगार बेताचा आणि बदली लांब. हे सगळं त्या मुलीला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पण "समुद्र नाही म्हणून काम नाही" हे मात्र चूक. हैदराबादला कुठं समुद्र आहे? तरी मच्छीमारांना समुद्रात मासा कुठं मिळेल याचा अंदाज देणारी इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था तिथंच आहे, १९९९ पासून. उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हिरवेपणा बघून त्या सूचना निघतात. त्सुनामीचा इशाराही २००७ पासून तिथूनच निघतो. राष्ट्रीय मत्स्य विकास मंडळसुद्धा हैदराबादलाच आहे. माशाच्या आकाराची ती इमारत आपल्यातल्या बऱ्याच जणांनी रस्त्यावरून जाताना पाहिली असेल. आपली पोरं त्याच हैदराबादला बांधकामावर जातात. त्या इमारतींत का जाऊ नयेत, एवढंच आमचं विचारणं आहे.

"शिकून गेली की परत कशाला येतीय?" हा प्रश्नही बरोबर आहे. कदाचित येणार नाही. तिला इथं बांधून ठेवायचा हक्क आपल्याला नाही. पण एक व्यवहार मात्र करता येईल. उचल बिनव्याजी द्यायची आणि बदल्यात सुट्टीत आली की तिनं आपल्याला वही घालून द्यायची. कुठले रकाने, मासा कसा मोजायचा, आठवड्यातून किती वेळा. दोन तरुण सभासद तिच्या हाताखाली शिकतील. ती गेली तरी वही राहील. एखाद्या हिवाळ्यात माशांच्या अंगावर लाल व्रण आले, तर नमुना कसा घ्यायचा, कुठं पाठवायचा, हे फोनवर सांगणारं आपलं माणूस असेल. वीस हजारांत हे महाग आहे का? गेल्या वर्षी फाटक्या जाळ्यांवर आणि हारतुऱ्यांवर किती गेले, हिशोब फळ्यावर लावलेलाच आहे.

आणखी एक. ही मुलगी शिकली कारण तिला दहावीनंतर एका मास्तरांनी वेळेवर सांगितलं. बाकीच्या पालकांसाठी म्हणून लिहून ठेवतो.

पोराला या वाटेनं जायचं असेल तर दहावीनंतर सायन्स घ्यावं लागतं आणि त्यात जीवशास्त्र पाहिजेच. मग चार वर्षांची बी. एफ. एस्सी., त्यानंतर दोन वर्षांची एम. एफ. एस्सी. साधी बी. एस्सी. करून नंतर एम. एफ. एस्सी.ला जाऊ म्हटलं तर साधारणपणे दार बंद होतं. तशा मुलांना कारवारला कर्नाटक विद्यापीठाच्या केंद्रात सागरी जीवशास्त्राची एम. एस्सी. आहे, गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान आहे. मुंबईत वर्सोव्याला १९६१ पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, तिथं एम. एफ. एस्सी. आणि पीएच. डी. होते.

जवळचं पाहिजे तर उदगीरलाच मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. भालकीहून बाजाराला जावं एवढं जवळ, फक्त मध्ये राज्याची हद्द. महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांना काही व्यावसायिक अभ्यासक्रमांत जागा ठेवल्या आहेत. आपलं गाव यादीत आहे का आणि हा अभ्यासक्रम त्यात बसतो का, ते अर्जाआधी विचारा. कर्नाटकात ३७१ जे कलमाखाली आपल्या भागातल्या मुलांना इथल्या संस्थांत ७० टक्के आणि भागाबाहेरच्या राज्यस्तरीय संस्थांत ८ टक्के जागा आहेत. त्याचं प्रमाणपत्र बारावीच्या निकालाची वाट न बघता काढून ठेवा. कागद नाही म्हणून जागा गेली, असं होऊ देऊ नका.

भाषेची भीती धरू नका. घरी मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी बोलणारी पोरं आपली. मंगळुरात तुळू आणि कोकणी कानावर पडेल, पुस्तक इंग्रजीत असेल. पहिलं वर्ष जड जातं. नंतर जमतं. या मुलीलाही जमलं.

बाराव्या शतकात कल्याणच्या शरणांमध्ये नावाडी अंबिगर चौडय्या मानानं बसले. होडी वल्हवणाऱ्याला ज्ञानाचं काय काम, असं त्यांना त्या मंडळींनी विचारलं नाही. आपण नऊशे वर्षांनी आपल्याच पोरीला विचारतोय.

महिनाअखेरच्या बैठकीत हा विषय पहिला घ्यावा, असं आम्ही अध्यक्षांना कळवलं आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर यावं आणि उभं राहून बोलावं. फक्त या वेळी कुणी हसू नये. त्या वडिलांनी मागितली ती भीक नव्हती, उचल होती.

आपले,
सोसायटीच्या पानाचे काम पाहणारे सभासद