पाठांतराचें संगणकशास्त्र



परीक्षा जवळ आली कीं आमच्या नांदूरघाटच्या गल्ल्यांतून पहांटे पाठांतराचे स्वर ऐकूं येतात. कविता घोकणें मी समजूं शकतों. परंतु गेल्या वर्षीं बारावींतील एक विद्यार्थी बायनरी सर्चच्या, म्हणजे यादी अर्धी अर्धी करीत शोध घेण्याच्या रीतीच्या, पायऱ्या स्तोत्राप्रमाणें म्हणतांना ऐकला, तेव्हां मला वाईट वाटलें.

मीं त्यास विचारलें, "मुकादमाच्या वहींत तुझ्या वडिलांचें नांव या रीतीनें शोधशील काय?"

"हो, सर. मधलें नांव पाहायचें, अन् अर्धी यादी सोडून द्यायची."

उत्तर चुकलें होतें. ऊसतोडीस जाणारांचीं नांवें त्या वहींत उचल घेतली तशीं लिहिलेलीं असतात, अकारविल्हे नव्हेत. अशा यादीचा अर्धा भाग सोडतांना हवें तें नांवच सुटून जावयाचें! यादी क्रमवार असेल, तर मात्र हजार नांवांत अधिकांत अधिक दहा वेळां पाहिलें कीं पुरे. यादी क्रमवार हवी, ही अट त्या मुलास पाठ होती. ती त्यानें लागलीच म्हणूनही दाखविली.

त्यास हिणविण्याचें कारण नाहीं. ही रीत १९४६ सालीं प्रसिद्ध झाली. तरी २००६ सालीं जावा भाषेच्या संग्रहांतील तिच्याच लेखनांत दोष असल्याचें जाहीर झालें. मधली जागा काढण्यासाठीं दोन टोकांचे क्रमांक मिळवीत, आणि यादी अतिप्रचंड असली म्हणजे ती बेरीज यंत्रानें नेमून दिलेल्या जागेंत मावत नसे. सुमारें नऊ वर्षें हा दोष तसाच राहिला होता.

पालक म्हणतात, घरीं संगणक नाहीं, मग मुलानें घोकूं नये तर काय करावें? माझें मत असें कीं, आधीं पाटी घ्यावी. सात अंक चढत्या क्रमानें लिहावे, दोन्ही टोकांस बोटें ठेवावीं, आणि प्रत्येक पायरीस कोणती किंमत किती झाली याचा तक्ता मांडावा. यादींत नसलेला अंकही शोधून पाहावा. गाडें बहुधा तेथेंच अडतें. यास वीज लागत नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं सुरू झालेल्या टिफ्रॅक यंत्रासही आज्ञा द्यावयाच्या त्या आधीं कागदावर लिहून, मग कागदी फितीवर छिद्रें पाडून देत असत.

तथापि पाटी उलट उत्तर देत नाहीं. एक अर्धविराम राहिला तर सी-प्लस-प्लस अडून बसते. चूक अशी तोंडावर सांगणारा कोणी हवाच. प्रात्यक्षिकाच्या तासाला एका यंत्राभोंवतीं चार मुलें बसलीं कीं कळफलक एकाच्याच हातीं राहतो. म्हणून ज्या शाळांत यंत्रें आहेत त्यांनीं रविवारीं दुपारीं ती खोली उघडी ठेवावी, व ज्याच्या पाटीवरील तक्ता पुरा झाला असेल त्यास प्रथम बसवावें. दिवाळीच्या सुमारास ज्यांचे आईबाप साखर कारखान्यांकडे निघून जातात आणि जीं मुलें गांवीं मागें राहतात, त्यांच्यासाठीं तरी हें याच सत्रापासून व्हावें.