मुलांसाठी प्राणी आणि ‘पाळणे’ हे क्रियापद

मराठीत ‘पाळणे’ हे क्रियापद मोठे विलक्षण आहे. आपण शब्द पाळतो, वेळ पाळतो, पथ्य पाळतो, सुतक पाळतो आणि जनावरही पाळतो. या प्रत्येक ठिकाणी कर्त्याने स्वतःवर काही बंधन घालून घेतलेले असते. इंग्रजीतील ‘पेट’ या शब्दात मात्र कुरवाळण्याची छटा आहे. त्या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ‘पाळीव प्राणी’ हा आपण वापरतो, पण शालेय पुस्तकात त्याचा अर्थ ‘जंगली नव्हे तो’ एवढाच असतो आणि त्यात गाय, म्हैस, शेळी, गाढव ही सारी मंडळी येतात. आता शहरातल्या घरांत लाडाचा कुत्रा आणि काचेच्या पेटीतील मासे आले आणि त्यांच्यासाठीही आपण तोच शब्द योजू लागलो. शब्द जुना राहिला, त्यातले बंधन मात्र सैल झाले. मुलांसाठी कोणता प्राणी घरात आणावा, हा प्रश्न आम्हाला या सैलपणाशी जोडलेला वाटतो.

हा प्रश्न आता पुण्या-मुंबईपुरता उरलेला नाही. जालन्यातील नव्या वसाहतींत, तसेच अंबड, परतूर, भोकरदनसारख्या तालुक्यांच्या गावीही तो विचारला जातो. उत्तर शोधण्याची रीत बहुधा ठरलेली असते. मूल हट्ट धरते, वडील मोबाइलवर चित्रे पाहतात आणि केसाळ, गुबगुबीत, निळ्या डोळ्यांचे काहीतरी पसंत केले जाते. म्हणजे निवड होते ती रूपाची. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो, तेथे बर्फाळ प्रदेशासाठी घडलेल्या हस्कीला आणून कूलरसमोर बसवणे यात प्रेम असेलही, पण तो प्राणी पाळला गेला असे म्हणणे कठीण आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या संदर्भात एक गोष्ट तपासून पाहावी. ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध मराठी शाळेत पिढ्यान्‌पिढ्या लिहिला जात आहे. त्यात बहुतेक वेळा ‘मोती’ नावाचा कुत्रा असतो. तो इमानी असतो, शेपूट हलवतो आणि एके रात्री चोर पकडून देतो. घनसावंगी किंवा मंठा तालुक्यातील ज्या मुलाच्या दावणीला दोन शेळ्या आणि एक कालवड आहे, तोही निबंधात मोतीच लिहितो. शेळीचा दुधाचा वास, करडू पहिल्यांदा उभे राहताना होणारी त्याची धडपड, आठवडी बाजाराच्या आदल्या रात्री घरात पसरलेली शांतता हे सारे त्याला ठाऊक असते. तरीही ते लिहिण्याजोगे आहे, असे त्याला कोणी सांगितलेले नसते. गाईडमधला मोती त्याच्या अनुभवावर येऊन बसतो. उद्या हेच मूल बाप होईल तेव्हा आपल्या लेकरासाठीही गाईडमधलाच प्राणी शोधेल, यात नवल ते काय?

वास्तविक आपल्या साहित्याने हा विषय पुरेशा गांभीर्याने हाताळला आहे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये मोरी गाय ही घरातल्या माणसांपैकीच एक आहे. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’ (१९७१) या कादंबरीचे नावच बोलके आहे. गोतावळा म्हणजे नातलगांचा परिवार, आणि नारबा या गड्याचा परिवार म्हणजे मळ्यातली जनावरे. ट्रॅक्टर येतो, एकेक जनावर जाते आणि नारबाचे जगच विस्कटते. मंगेश हाडवळे यांच्या ‘टिंग्या’ (२००८) या चित्रपटात जुन्नरच्या परिसरातला मुलगा जखमी बैलासाठी झगडतो. शेजारच्या आजारी म्हातारीवर उपचार होतात, मग चितंग्यावर का नाहीत, हा त्याचा प्रश्न वडीलधाऱ्यांना निरुत्तर करतो. दुसऱ्या टोकाला पु. ल. देशपांडे यांचा ‘पाळीव प्राणी’ हा लेख आहे. त्यात प्राण्यापेक्षा प्राणी बाळगणाऱ्यांच्या हौसेची फिरकी अधिक आहे. एकीकडे नाते आणि दुसरीकडे हौस, असे हे दोन ध्रुव आहेत. मुलाला आपण यांपैकी कशाकडे नेणार आहोत, हे प्राण्याच्या निवडीआधी ठरवावे लागते.

आमच्या मते निवडीची सुरुवात प्राण्याच्या गरजेपासून व्हावी. हा विचार आम्ही बाहेरून आणलेला नाही. गोदावरी जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते. तिच्याच काठी, थोडे वरच्या अंगाला पैठण आहे. काशीहून आणलेली गंगा तहानलेल्या गाढवाच्या मुखी घालणाऱ्या एकनाथांची कथा त्या गावची. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांचे नर्सी हिंगोली जिल्ह्यात, म्हणजे मराठवाड्यातच. ते गाढव नाथांचे नव्हते आणि तो कुत्राही नामदेवांचा नव्हता. मालकी नसताना गरज ओळखली गेली, हेच या कथांचे मर्म आहे. आपल्याकडे आता मालकी आधी येते, गरज मागाहून कळते आणि कित्येकदा कळतही नाही.

जालन्यात या गरजेचे पहिले नाव पाणी. २०१२-१३ च्या दुष्काळात हा जिल्हा सर्वाधिक होरपळलेल्यांपैकी एक होता. मोसंबीच्या बागा वाळल्या, टँकरच्या वाटेकडे डोळे लावून गावे बसली आणि जनावरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या. माणसाला पाणी मोजून मिळते तेव्हा प्राण्याच्या वाट्याला किती येईल, हा प्रश्न येथे कल्पनेतला नाही. म्हणून ऊन सोसणारा, थोडक्यात भागणारा, आजारी पडला तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ज्याच्यावर उपचार होऊ शकतील असा प्राणी निवडणे शहाणपणाचे.

या कसोटीवर गावठी कुत्रा उत्तम उतरतो. त्याची कातडी या हवेला सरावलेली असते, तो विकत घ्यावा लागत नाही आणि त्याला घरचे अन्नही मानवते. मात्र तीन महिन्यांच्या सुमारास त्याला रेबीजची लस द्यावी आणि पुढे ती नियमाने चालू ठेवावी. येथे ढिलाई चालत नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही, आणि पिसाळल्याचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावा घेतलेल्यांत सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चावा किंवा ओरखडा, कितीही लहान असो, वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावा आणि तडक दवाखाना गाठावा. मूल रागावण्याच्या भीतीने चावा लपवते. तेव्हा ‘सांगितलेस तर कोणी रागावणार नाही’ हे वचन कुत्रा आणण्याआधीच द्यावे आणि पाळावेही.

मांजर कमी जागेत राहते आणि आपला आब राखून असते. मुलांनी नकार ओळखायला शिकावे असे वाटत असेल, तर तिच्याइतकी चांगली शिक्षिका नाही. पोपटाचा मात्र विचारही नको. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार (१९७२) देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे, मग आपल्या बालगीतांत तो कितीही प्रेमाने ‘मिठू मिठू’ बोलत असो. बाजारात गुलाबी-हिरवा रंग देऊन विकली जाणारी कोंबडीची पिल्लेही मुलाच्या हाती देऊ नयेत. त्यांना ऊब लागते, ती घरात मिळत नाही आणि चार दिवसांत खोके रिकामे होते. मुलाच्या हाती उरते ते एवढेच ज्ञान की जीव स्वस्त असतो.

राहिली शेळी. मराठवाड्यात उस्मानाबादी जातीची काळी शेळी दारोदारी दिसते. बोर-बाभळीचा पाला खाऊन ती तगते, पाच महिन्यांत विते आणि बऱ्याचदा जुळे देते. करडासारखा खेळगडी दुसरा नाही. पण करडू मोठे होते आणि बोकड असेल तर विकले जाते. खरा पेच येथे आहे. काही घरांत मूल शाळेत गेल्यावर बोकड बाजारात नेतात आणि ‘तो पळून गेला’ असे सांगतात. आम्हाला हे अन्यायाचे वाटते. शेळी हा गरिबाच्या घरचा आधार आहे, तिच्या विक्रीतून वह्या-पुस्तके येतात, औषध येते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लाज वाटावी ती थापेची. विकायचे असेल तर आधी सांगावे, मुलाला रडू द्यावे, आणि एखादी शेळी ‘ही विकायची नाही’ असे ठरवणे परवडत असेल तर तो शब्द दुष्काळातही पाळता येईल का, याचा आधी विचार करावा.

‘मुलांना जबाबदारी कळावी म्हणून प्राणी आणा’ असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. आम्हाला तो मान्य नाही. प्राणी हे शैक्षणिक साधन नव्हे. आठ वर्षांच्या मुलावर जिवाचा भार टाकून मोठ्यांनी हात झटकले, तर मूल चुकते आणि भोगतो प्राणी. हिशेब सरळ आहे. कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो, मांजर कित्येकदा त्याहून अधिक. आज आठ वर्षांचे असलेले मूल तेव्हा वीस वर्षांचे होऊन शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला गेलेले असेल. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर दिवाळीनंतर आईबापच सहा-सहा महिने गावात नसतात. म्हातारा कुत्रा तेव्हा आजीच्याच पायाशी असतो. म्हणून प्राणी आणण्याचा निर्णय मुलाचा नव्हे, घराचा असावा, आणि त्यात आजीचे मत पहिले घ्यावे.

घरात प्राणी आणणे शक्य नसेल तर? तर आणू नये. दारात पाण्याचे पसरट भांडे ठेवावे. एप्रिल-मे महिन्यांत त्यावर चिमण्या, साळुंक्या, खारी, गल्लीतली कुत्री सारी येतात. मुलाने ते भांडे रोज सकाळी धुऊन भरावे. मालकी नाही, नाव नाही, पट्टा नाही, तरी हेही पाळणेच आहे.

शिक्षक मित्रांना आमची एक विनंती आहे. पुढच्या वेळी ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध देताना मोतीला बंदी करावी. मुलांनी ज्या प्राण्याला स्वतः पाणी पाजले आहे, त्याच्याविषयीच लिहावे. काही पाने कोरी येतील, काहींवर शुद्धलेखनाच्या चुका असतील, एखाद्या पानावर विकलेल्या बोकडाचे नाव असेल. त्या पानाला गुण किती द्यायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही तरी ते पान आधी वर्गात मोठ्याने वाचून दाखवू.